अत्तरकुपीची कुळकथा

अत्तराची कुपी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. लग्नसमारंभात पाहुण्यांच्या हातावर अत्तर लावतात, तेव्हा घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाती ती बोटभर उंचीची, निमुळत्या मानेची काचेची बाटली असते. अत्तर संपले की कुपीची किंमतही संपते. ती कोठेतरी फळीवर पडून राहते आणि एके दिवशी केरात जाते. अशाच काही कुप्या, दोन हजार वर्षांपूर्वी रिकाम्या झालेल्या, आज युरोप-अमेरिकेतील मोठमोठ्या संग्रहालयांत मानाने मांडून ठेवलेल्या दिसतात. लिलावात हौशी संग्राहक त्यांच्यासाठी बोली बोलतात. रोमन साम्राज्याच्या काळात भूमध्य समुद्राच्या काठी त्या घडल्या, म्हणून त्यांना रोमन कुप्या म्हणतात.

रत्नागिरीच्या मुलामुलींना या परदेशी कुप्यांचे काय कौतुक, असे कोणी विचारील. पण या कुप्यांच्या पोटात जे सुगंधी तेल असे, त्यातील कित्येक द्रव्ये आपल्या देशातून जात आणि ती नेणाऱ्या खलाशांना आपला किनारा चांगला ठाऊक होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखले जाणारे एक लहानसे पुस्तक लिहिले. तांबड्या समुद्रातून निघून भारतापर्यंत कोणकोणती बंदरे लागतात, तेथे काय विकावे व काय घ्यावे, याची ती व्यवहारी टिपणवही आहे. लेखकाने आपले नाव लिहिण्याची तसदी घेतलेली नाही. मालाची नावे मात्र एकही सोडलेली नाही! कल्याणच्या दक्षिणेस सेमिल्ला, मंदगोरा, पालैपत्मै, मेलिझैगर अशी बंदरे लागतात, असे तो सांगतो. सेमिल्ला म्हणजे चौल. मंदगोरा म्हणजे सावित्रीच्या मुखावरील बाणकोट, पालैपत्मै म्हणजे दाभोळ आणि मेलिझैगर म्हणजे जयगड किंवा राजापूर असावे, असा तर्क अनेक विद्वानांनी केला आहे. तसे असेल, तर या चार नावांपैकी तीन आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील आहेत. परक्या कानांनी ऐकलेली आणि परक्या जिभेने उच्चारलेली ही नावे आपल्याला विचित्र वाटतात, यात नवल नाही.

त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत मोठी पेठ भडोच ही होती. पैठणहून आणि तेरहून निघालेल्या गाड्या आडवाटांनी तेथवर माल पोहोचवीत. पैठण ते भडोच ही वाट वीस दिवसांची होती. भडोचहून जहाजांत चढणाऱ्या मालात जटामांसी, कोष्ठ आणि गुग्गुळ यांची नावे पेरिप्लसकाराने दिली आहेत. जटामांसी हिमालयात उगवते, कोष्ठ काश्मीरकडचे. ही मुळे आणि हा डिंक रोमन गंध्याच्या दुकानात पोहोचले की तेलात मुरत आणि त्यांचे सुगंधी तेल होई. आता उलट बाजूची यादी पाहा. त्याच बंदरात उतरणाऱ्या मालात दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळी यांच्या जोडीला कच्ची काच आहे आणि सुगंधी तेलही आहे. मात्र हे तेल स्वस्तातले असावे आणि थोडेच आणावे, अशी सूचना लेखक देतो. राजाला नजर करायचे असेल, तर तेवढे उत्तमातले उत्तम! कच्चा माल इकडून जावा आणि तयार माल तिकडून यावा, ही रीत किती जुनी आहे हे यावरून दिसते.

रोममधील शहाण्या माणसांना या व्यापाराची चिंता वाटू लागली होती. प्लिनी नावाच्या रोमन पंडिताने हिशेब मांडला आहे की, भारत दरवर्षी रोमन साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे तेथील नाणी, ओढून घेतो. सुगंधी तेलांवर तर त्याचा विशेष राग होता. मोती व रत्ने वारसाला मिळतात, वस्त्रे काही दिवस टिकतात; पण सुवास लावताक्षणीच उडू लागतो, आणि ज्याने तो लावला त्याला स्वतःला तो येतही नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याचे बोलणे अगदीच खोटे नाही. परंतु त्याच्या रागाकडे रोमन लोकांनी काही लक्ष दिले नाही. स्नानगृहात जाताना, मेजवानीला बसताना, देवापुढे आणि मृतदेहापाशी, सर्वत्र त्यांना सुगंधी तेल लागे.

इतके तेल ठेवायचे कशात? मातीच्या भांड्यात तेल झिरपते व वास उडून जातो. प्लिनीच्या मते संगजिऱ्यासारख्या मऊ पांढऱ्या दगडाची डबी सर्वांत चांगली. पण ती कोरून काढावी लागे, तेव्हा ती श्रीमंतांनाच परवडणार. काच तेल शोषून घेत नाही आणि वासही बाहेर जाऊ देत नाही. मात्र काचही पूर्वी महागच होती. फुंकनळीचा शोध लागण्यापूर्वी कारागीर माती व शेण यांचा एक गोळा काठीच्या टोकाला लावून त्याला कुपीच्या पोटाचा आकार देत. त्या गोळ्यावर वितळलेली काच चढवीत आणि ती निवाल्यावर आतील माती खरवडून काढीत. एकेका कुपीला किती वेळ लागत असेल, याची कल्पना करा.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या मध्यास, भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावरील सीरिया-पॅलेस्टाइन प्रदेशात कोण्या कारागिराच्या ध्यानात आले की, पोकळ नळीच्या टोकाशी तापलेली काच घेऊन नळीतून फुंकर मारली, तर काच साबणाच्या फुग्यासारखी फुगते. जेरुसलेम येथील उत्खननात त्या सुमाराच्या एका काचकामाचा टाकाऊ केर सापडला आहे, आणि त्यात काचेच्याच नळ्यांची टोके फुगवलेली आहेत. लोखंडाची लांब फुंकनळी पुढे आली. एवढ्याशा युक्तीने सारे बदलले. भट्टीतून मधासारखी पाझरती काच नळीवर घ्यावी, एक-दोन फुंकरा माराव्यात, चिमट्याने मान ओढून लांब करावी, तळ टेकवून सपाट करावा, तोंडाची कड दुमडावी. काही मिनिटांत कुपी तयार! ज्या वस्तूसाठी पूर्वी राजाचा खजिना लागे, ती आता रोममध्ये एका तांब्याच्या नाण्याला मिळू लागली, असे स्ट्रॅबो हा भूगोलकार लिहून ठेवतो.

काच ही मुळात वाळू आहे, हे तुम्ही विज्ञानात शिकला असाल. परंतु कोणतीही वाळू चालत नाही. रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरील काळी वाळू उचलून पाहा. तिच्यात लोहयुक्त इल्मेनाइट असते. ती भट्टीत घातली तर स्वच्छ काच होणार नाही. उलट सिंधुदुर्ग जिल्ह्यात कासार्डे परिसरात जी पांढरी सिलिका वाळू निघते, ती काचेच्या कामाची. हा जिल्हा १९८१ पर्यंत रत्नागिरीतच मोडत होता, तेव्हा दोन्ही वाळू एकाच जिल्ह्याच्या होत्या. रोमन काळात बेलस नावाच्या छोट्या नदीच्या मुखाशी असलेली वाळू फार नावाजलेली होती. शंख-शिंपल्यांचा चुरा तिच्यात आपोआप मिसळलेला असल्यामुळे काचेला लागणारा चुना वेगळा घालावा लागत नसे. वाळू लवकर वितळावी म्हणून इजिप्तच्या वाळवंटातील सरोवरांकाठचा नेट्रॉन नावाचा खार तिच्यात घालीत. वाळूत थोडे लोह राहिले की काचेला फिकट हिरवट-निळी छटा येते. बहुसंख्य रोमन कुप्या याच रंगाच्या आहेत. मुद्दाम रंग हवा असेल, तर निळ्यासाठी कोबाल्ट आणि जांभळ्यासाठी मँगेनीज घालीत.

कुप्यांचे आकार पाहण्यासारखे आहेत. काही पाण्याच्या थेंबासारख्या. काहींची मान हातभर वाटावी इतकी लांब आणि तळ पसरट, जणू समईच उभी केली आहे. काही साच्यात फुगवून खजुराच्या आकाराच्या केलेल्या, सुरकुत्यांसकट आणि तपकिरी रंगाच्या; ताटात ठेवल्या तर पाहुणा फसेल. मला स्वतःला पक्ष्याच्या आकाराच्या कुप्या सर्वांत आवडतात. पोकळ पक्ष्याच्या शेपटीतून आत सुगंधी द्रव्य भरीत आणि शेपटीचे टोक वितळवून तोंड कायमचे बंद करीत. वापरायचे झाले की शेपटी मोडायची! म्हणून आज सापडणाऱ्या बहुतेक काचपक्ष्यांना शेपटीचे टोक नसते.

या साध्यासुध्या वस्तूभोवती दंतकथाही जमल्या. थडग्यांत या कुप्या पुष्कळ सापडू लागल्या, तेव्हा युरोपातील जुन्या पंडितांनी त्यांना ‘अश्रुपात्रे’ हे नाव दिले. मृताचे आप्त आपले अश्रू या कुप्यांत साठवून थडग्यात ठेवीत, अशी त्यांची समजूत होती. कल्पना मोठी हृदयस्पर्शी. पण खरी नव्हे. कुप्यांच्या तळाशी चिकटलेल्या अवशेषांची रसायनशाळेत तपासणी झाली, तेव्हा त्यांत तेले, राळ व प्रसाधनाची द्रव्ये आढळली. जिवंतपणी जे सुगंधी तेल प्रिय होते, तेच मृताच्या सोबत दिले जाई. तरीही पुष्कळ दुकानदार अश्रुपात्र हेच नाव सांगतात, कारण त्या नावाला गिऱ्हाईक लवकर भुलते.

दुसरी भूल रंगांची. कित्येक रोमन कुप्यांवर मोरपिसासारखे हिरवे, निळे, सोनेरी रंग खेळताना दिसतात. कारागिराने ते दिलेले नाहीत. शतकानुशतके ओल्या मातीत पडल्यामुळे पाणी काचेतील खार हळूहळू धुऊन नेते आणि पृष्ठभागावर कागदाहून कितीतरी पातळ असे पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात रस्त्यावरील पाण्यावर तेलाचा थेंब पसरला की जसे इंद्रधनुष्य दिसते, तसाच प्रकाशाचा खेळ या पापुद्र्यांतून होतो. म्हणजे ही झळाळी हा वास्तविक काचेचा रोग आहे. बोट घासले तरी ती गळून पडते. परंतु संग्राहकांना ती इतकी मोहक वाटते की, जितकी काच झिजलेली तितकी किंमत चढती! मग लबाड लोक नव्या बाटल्यांवर आम्लाचा प्रयोग करून किंवा पापुद्रे चिकटवून त्या जुन्या म्हणून खपवतात.

खोट्या कुपीने फसला तर एका हौशी माणसाचे पैसे जातात. खरी कुपी चोरून काढली, तर त्याहून मोठी हानी होते. ती कशी, हे नीट समजून घेतले पाहिजे. कुपी जमिनीत एकटी नसते. ती कोणत्या थरात होती, तिच्याशेजारी नाणे होते की मणी, ती घरात होती की थडग्यात, ते थडगे पुरुषाचे होते की बालकाचे, तिच्या तळाशी काय चिकटले होते, या सर्वांवरून आपल्याला त्या माणसांची हकीकत कळते. रात्री कुदळ घेऊन आलेला चोर कुपी तेवढी उचलतो आणि बाकीचे उधळून टाकतो. मग ती कुपी स्वच्छ धुतात, एका हातातून दुसऱ्या हातात देतात आणि शेवटी ती एखाद्या सुंदर कपाटात जाऊन बसते; तिच्याखालच्या चिठ्ठीवर ‘पूर्व भूमध्य प्रदेश, पहिले-दुसरे शतक’ एवढेच लिहिलेले असते. पुस्तकातील एक पान फाडून चौकटीत लावावे आणि पुस्तक जाळावे, तसा हा प्रकार आहे. सीरियात २०११ नंतर यादवी युद्ध पेटले, तेव्हा अपामिया या रोमन नगरीच्या अवशेषांवर चोरांनी इतके खड्डे खणले की उपग्रहातून काढलेल्या छायाचित्रांत ती सारी भूमी चाळणीसारखी दिसते.

सर्वच संग्राहक लबाड असतात, असे मात्र नाही. कित्येक थोर संग्रहालये खासगी संग्रहांतूनच उभी राहिली. पण वस्तू कोठून आली हे न विचारता जो ती विकत घेतो, तो पुढच्या चोरीचे भाडे आगाऊ भरतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. अफगाणिस्तानात काबूलजवळ बेग्राम येथे १९३७ व १९३९ साली फ्रेंच संशोधकांना दोन बंद खोल्या सापडल्या. त्यांत रोमन काचसामानाचा मोठा साठा होता आणि माशांच्या आकाराच्या काचेच्या कुप्याही होत्या. तक्षशिला, जी आता पाकिस्तानात आहे, तेथेही काचेच्या कुप्या निघाल्या. पुदुच्चेरीजवळ अरिकामेडू येथे १९४५ साली व्हीलर यांनी केलेल्या उत्खननात रोमन काचेच्या वाडग्यांचे तुकडे मिळाले. अशा धडधाकट कुप्या भूमध्य प्रदेशात हजारोंनी मिळतात, त्या मानाने आपल्याकडे फार क्वचित. आणि याचे एक कारण सहज ध्यानात येण्यासारखे आहे. नाजूक काच दोन हजार वर्षे अखंड राहते ती बहुधा बंद थडग्यातच. आपल्याकडे मृताबरोबर अशा वस्तू ठेवण्याची चाल सहसा नव्हती. येथे कुपी फुटेपर्यंत वापरली गेली असणार आणि फुटल्यावर तिचे तुकडे पुन्हा भट्टीत जाऊन मणी नाहीतर बांगड्या झाल्या असणार.

महाराष्ट्रात रोमन संबंधाचा सर्वांत बोलका पुरावा काचेचा नाही, तर कांशाचा आहे. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४४ ते १९४६ या काळात तेथे झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उघडे झाले, आणि त्यांत रोमन धाटणीची कांशाची भांडी व पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची एक लहानशी सुबक मूर्ती मिळाली. समुद्राचा देव सह्याद्री चढून कोल्हापूरला आला, तेव्हा तो कोकणातील एखाद्या बंदरात उतरून घाटवाटेने आला असावा, हे उघड आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकळिया आणि डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी या स्थळाचे शास्त्रशुद्ध उत्खनन करून त्याचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. हेच दीक्षित पुढे भारतीय काचेच्या इतिहासाकडे वळले. जुन्या वस्तींतील फुटके मणी आणि बांगड्यांचे तुकडे त्यांनी आयुष्यभर अभ्यासले. त्यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९६९ साली प्रसिद्ध झाला. बाजारात ज्या तुकड्यांना कोणी पैसाही दिला नसता, त्यांतून त्यांनी एका धंद्याचा इतिहास उभा केला. ते तुकडे कोणत्या थरातले, हे नोंदलेले होते म्हणूनच हे शक्य झाले.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी विहिरीचे किंवा माडाच्या आळ्याचे खोदकाम चालू असताना जुना मणी, नाणे किंवा काचेचा तुकडा निघालाच, तर तो धुवू नये, आणि जागा उकरत बसू नये. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खासगी व्यक्तीस परदेशी पाठविण्याची बंदी केली आहे. दहा रुपयांची ती मर्यादा आता हास्यास्पद वाटते खरी. पण दीडशे वर्षांपूर्वी दहा रुपये ही मोठी रक्कम होती.

न धुतलेली कुपी काय सांगू शकते, याचे एक ताजे उदाहरण आहे. स्पेनमध्ये कार्मोना या गावी २०१९ साली एका घराचे काम चालू असता जमिनीखाली एका रोमन कुटुंबाची समाधी सापडली. चोरांचा हात तिला कधी लागला नव्हता. आत काही रक्षापात्रे होती. त्यांपैकी एका काचेच्या पात्रात एका स्त्रीच्या अस्थी, काही अंबरमणी आणि एक चिमुकली कुपी होती. ही कुपी काचेची नसून स्फटिक कोरून केलेली होती; दगडी बूच बसवून ते डांबराने पक्के केलेले होते. त्यामुळे आतील तेल घट्ट होऊन का होईना, पण शिल्लक राहिले होते. कॉर्दोबा विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याचे पृथक्करण करून २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. रोमन सुगंधी तेलाचा प्रत्यक्ष वास कशाचा होता, हे त्यावरून प्रथमच कळले. तो वास होता पचौलीचा. पचौली ही पूर्वेकडील उष्ण प्रदेशातील वनस्पती. स्पेनमध्ये उगवणारी नव्हे. तिची जवळची बहीण कोकणात परसदारी लावतात आणि तिची सुवासिक पाने अबोलीच्या व शेवंतीच्या वेण्यांत गुंफतात. आपण तिला पाच म्हणतो.